गावाचा फोटो कोणी काढायचा?



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती, अर्थकारण असे भारदस्त विषय असतात. त्या पंक्तीत मी आज फोटोचा विषय घेऊन बसलो आहे. जी वस्तू हल्ली प्रत्येकाच्या खिशात आहे, तिच्यावर व्याख्यान ते काय द्यायचे, असे कुणाच्या मनात आले असेल तर त्याला मी दोष देणार नाही. पण ती प्रत्येकाच्या खिशात आली, हाच माझा विषय आहे. एखादे गाव कसे दिसत होते हे पुढच्या पिढीला कळावे म्हणून जो खर्च पूर्वी लागे, तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. आणि मौज अशी, की फोटो लाखांनी निघतात, पण गावाचा फोटो निघत नाही. असे का व्हावे, आणि आपल्याला त्यात काय करता येईल, एवढेच मला बोलायचे आहे.

पूर्वी हा खर्च केवढा होता, हे पाहण्यासाठी लांब जायला नको. अजिंठा आपल्या मराठवाड्यातलाच. १८४४ साली मद्रासच्या लष्करातील रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमण्यात आले. हा माणूस वर्षानुवर्षे तेथे राहिला. मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात त्याने नकला केल्या, त्या विलायतेला गेल्या, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहण्यासाठी टांगल्या गेल्या, आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हेच काम पुन्हा करू लागले. तेरा वर्षे ते काम चालले. त्याही नकलांपैकी पुष्कळशा लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. या दोन आगी आपण ध्यानात ठेवू. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

गिलसाहेबाने नंतर कॅमेराही हाती घेतला होता. त्या काळचा कॅमेरा म्हणजे काय प्रकरण होते! काचेच्या तावदानाला रसायन फासायचे, ते ओले आहे तोवरच फोटो घ्यायचा, आणि ते वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायचे. कॅमेरा, काचा, रसायने, पाणी, तंबू अशा साऱ्या लवाजम्यासह डोंगरात जायचे. यापुढची पायरी निजामाच्या राजवटीतली. हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याचे ग्रंथ चार भागांत काढले, त्यांत रंगीत छायाचित्रे दिली. पहिला भाग १९३० चा आणि शेवटचा १९५५ चा. म्हणजे एका स्थळाचे दर्शन कागदावर नीट उतरायला कंपनी सरकार, इंग्रज सरकार आणि निजाम सरकार अशा तीन सरकारांच्या तिजोऱ्या आणि शंभरावर वर्षे लागली. अजिंठा त्या योग्यतेचाच आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्या हिशेबाने अजिंठ्याचा फोटो निघाला, त्या हिशेबाने अजिंठा गावातल्या विणकराच्या घराचा फोटो कधीच निघणार नव्हता.

सहाव्या निजामाच्या पदरी राजा दीनदयाळ हा फार मोठा छायाचित्रकार होता. १९०५ साली तो वारला. त्याने राजवाडे टिपले, शिकारी टिपल्या, मेजवान्या टिपल्या, लेणी टिपली. त्याचे काम पाहिले की मन थक्क होते. परंतु दरबारी माणूस दरबार पाही. ज्याला काच परवडते त्याचा चेहरा काचेवर उतरतो, हा त्या काळचा सरळ व्यवहार होता, आणि त्यात दीनदयाळांचा काही अपराध नाही.

याला अपवाद करणारा एक माणूस पॅरिसमध्ये होऊन गेला. त्याचे नाव आत्झे. तो श्रीमंत नव्हता, नावाजलेलाही नव्हता. जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानांच्या पाट्या, जिने, अंगणे, दारांचे लोखंडी ठोके यांचे फोटो तो तीस वर्षे काढीत राहिला, चित्रकारांना आणि ग्रंथालयांना विकून पोट भरीत राहिला, आणि १९२७ साली वारला. त्याच्या हजारो काचा मागे राहिल्या. आज जुने पॅरिस कसे होते हे पाहायचे तर त्याच्याकडे जावे लागते. एका शहराच्या साध्यासुध्या भागाची नोंद व्हायची, तर एका माणसाचे सारे आयुष्य त्यापायी खर्ची पडले. आपल्या अंबाजोगाईला, परळीला, घाटनांदूरला असा आत्झे कोठून मिळणार?

आपल्याकडे काय मिळाले? तालुक्याच्या गावचा फोटो स्टुडिओ मिळाला. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल: लग्न ठरायचे असले, नोकरीचा अर्ज द्यायचा असला, म्हातारे माणूस थकले असले, म्हणजे एस.टी.ने स्टुडिओत जायचे. तेथे मागे एक रंगवलेला पडदा असे. त्यावर महालाचा जिना, नाहीतर सरोवर आणि हंस. आजोबांचे धोतर आपल्या मातीचे, पागोटे आपल्या मातीचे, आणि मागे सरोवर! ज्या मुलखात माणूस जन्मला, राबला, त्या मुलखाचा मागमूस फोटोत राहू नये, याची ती पुरी व्यवस्थाच होती. लोकांना ती हवी होती, हेही खरे. पैसे मोजून काढायचा फोटो. त्यात आपली पडकी भिंत कोणाला दाखवायची असते?

मग घरोघर नसले तरी एखाद्या घरी बडोद्याला तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा आला. एका रोळात बारा फोटो. बारा म्हणजे बाराच! आमच्या एका नातलगाकडे तो होता, आणि लग्नकार्यात तो कॅमेरा ज्या काटकसरीने वापरला जाई, ती काटकसर आजच्या मुलांना सांगून पटत नाही. "हलू नका, फुकट जाईल," हे वाक्य त्या काळच्या प्रत्येक लग्नात ऐकू येई. पुढे छत्तीस फोटोंचा रंगीत रोळ आला. पण रोळाची किंमत, तो धुण्याचा खर्च आणि प्रत्येक छपाईचे पैसे मिळून शेतावर राबणाऱ्याची कित्येक दिवसांची मजुरी एका रोळात जाई. अशा रोळावर वेशीचा फोटो कोण काढील? बारवेचा कोण काढील? जी वस्तू रोज दिसते, जी उद्याही दिसणारच आहे, तिच्यावर पैसा खर्च करणे हा त्या काळी शुद्ध वेडेपणा होता.

"उद्याही दिसणारच आहे" असे आपण म्हणतो. आता मी आपल्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची आठवण देतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. चारला पाच मिनिटे कमी असताना किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांखालची जमीन हादरली. सात हजारांहून अधिक माणसे गेली. येथे, घाटनांदूरलाही, त्या पहाटे जागे झालेले लोक आज या सभेत असतील. मी त्या दुःखाची उजळणी करण्यासाठी हे सांगत नाही. त्या भूकंपानंतर लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी बसवावी लागली. बावन्न गावे! गावांबरोबर गल्ल्या गेल्या, पार गेले, देवळांपुढची पटांगणे गेली, कुणाचे घर कुणाच्या घराला लागून होते हा सारा शेजार गेला. नव्या गावांत रुंद रस्ते आले, सरळ रांगा आल्या. ज्या पोराचा जन्म १९९४ चा, त्याला आपल्या बापाचे गाव दाखवायचे कसे? दगडांचे ढीग आणि बाभळी दाखवून?

अशा घरांत भूकंपापूर्वीचे फोटो किती असतील याचा अंदाज करणे कठीण नाही. जे काही असतील ते लग्नाचे. आणि तेही ज्यांचे घर ढिगाऱ्याखाली गेले त्यांचे फोटोही ढिगाऱ्याखालीच गेले. परगावच्या नातलगाच्या पेटीत एखादा उरला असेल. त्यात नवरानवरीच्या खांद्यामागे जे दिसते, म्हणजे ओसरीचा एक खांब, भिंतीतला देवकोनाडा, ढेळजेची चौकट, तेवढेच त्या गावाचे चित्र. म्हणून माझे आपल्याला एक सांगणे आहे. घरचे जुने अल्बम काढाल तेव्हा माणसांकडे पाहून झाल्यावर एकदा माणसांच्या मागे पाहा. गाव तेथे चुकून उतरलेले असते.

त्या पहाटेचा दुसरा परिणाम आपल्या डोळ्यांदेखत झाला, पण सावकाश झाला म्हणून जाणवला नाही. मराठवाड्याचे जुने घर म्हणजे माळवदाचे घर. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचणे, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घराचे माप खणांत सांगायचे: पाच खणांचे, सात खणांचे. भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन हात जाड. त्यांतच धान्याचे बळद. उन्हाळ्यात त्या घरात शिरले की डोक्यावर ओला पंचा ठेवल्यासारखे वाटे. पण भूकंपात हीच जाड भिंत आणि हाच मातीचा थर माणसांच्या अंगावर आला. काही ठिकाणी तर लाकडी चौकट उभीच्या उभी राहिली आणि भोवतीच्या भिंती ढासळल्या. लोक भ्याले. पुढच्या तीस वर्षांत मराठवाडाभर माळवदे उतरली, पत्रे आले, सिमेंटचे स्लॅब आले. हे वाईट झाले असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्याच्या लेकरांना त्या छताखाली निजायचे होते, त्याने ते छत उतरवले यात चूक काय? परंतु छत उतरवण्याआधी त्याचा एक फोटो काढून ठेवायला हरकत नव्हती. १९९५ साली हरकत होती, कारण पैसा पडत होता. २०१५ साली ती हरकत उरली नव्हती, तरीही फोटो निघाला नाही.

हा पैसा गेला कसा, तेही थोडे पाहू. जुन्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असे. प्रत्येक फोटो थोडी चांदी, थोडे रसायन, थोडा कागद खाई. फोटो चांगला येवो वा वाईट, खर्च तोच. १९७५ साली अमेरिकेत कोडक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्म नसलेला एक कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोंवर होते, एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत, आणि ते चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे. आज साध्या फोनच्या फोटोत एक कोटीहून अधिक ठिपके असतात. तत्त्व एवढेच, की प्रकाश पडला की विजेचा सूक्ष्म भार जमणारी एक चकती असते. त्या भाराचे आकडे करून साठवायचे आणि चकती पुन्हा कोरी. पाटी पुसावी तशी. चांदी नाही, रसायन नाही. त्यामुळे पहिल्या फोटोला जो खर्च, म्हणजे यंत्राची किंमत, तो झाला की दुसऱ्याला काही नाही, हजाराव्यालाही काही नाही. ज्या कोडकच्या कारखान्यात हे घडले, त्या कोडकनेच २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज दिला. फिल्म विकून जगणाऱ्याने फिल्म नको असलेले यंत्र शोधले, त्याला दुसरे काय होणार!

चूक फुकट झाली, ही यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. पूर्वी फोटोग्राफर विचार करी, "हा घेण्याजोगा आहे का?" आज हा प्रश्नच विचारण्याचे कारण नाही. एका देवळाचे चार बाजूंनी चार, प्रत्येक खांबाचा एक, प्रत्येक वीरगळाचा एक, पावसाळ्यापूर्वी एक आणि पावसाळ्यानंतर एक, असे घ्या. आपल्याजवळच्या धर्मापुरीला केदारेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. बाहेरच्या भिंतीवर किती शिल्पे! ती सारी एकेक करून टिपायची तर फिल्मच्या काळात एखाद्या संस्थेला अनुदान मागावे लागले असते. आज कॉलेजातली दोन पोरे एका सकाळी ते काम करतील आणि दुपारी जेवायला घरी येतील.

मग गावाचा फोटो का निघत नाही? माझ्या मते, आपण अजून त्या बारा फोटोंच्या हिशेबानेच वागतो. यंत्र बदलले, मन बदलले नाही. आपण फोटो काढतो तो अजूनही कार्याचा, सोहळ्याचा, आणि आता स्वतःचा. स्टुडिओतला पडदा गेला, पण देऊळ, धरण, डोंगर यांनाच आपण पडदा केले आणि पुढे आपण उभे राहिलो. उजनी धरणाचे उदाहरण घ्या. पाण्यात गेलेले पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, आणि फोनवाल्यांची झुंबड उडते. पाणी येण्यापूर्वी त्या देवळाभोवती जी घरे होती, त्यांच्या ओट्यांचा फोटो कोणी काढला असेल?

दुसरे कारण नावांचे. फोटो फुकट झाला, पण त्या फोटोत काय आहे हे सांगणे फुकट झालेले नाही. त्याला माणूस लागतो, आणि तो माणूस बहुधा म्हातारा असतो. "ही भिंत कशाची?" असे विचारले तर सांगणारा पंच्याऐंशी वर्षांचा. नाव, गाव, तारीख नसलेला फोटो वीस वर्षांनी कोणत्याही गावचा होतो. त्यात एक बारीक गोष्ट अशी, की फोन फोटोच्या पोटात तारीख आणि वेळ, व परवानगी दिली असेल तर जागाही लिहून ठेवतो. पण तोच फोटो नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सअ‍ॅपवरून धाडला की ही नोंद गळून पडते आणि चित्रही लहान होते. गावाचे सारे फोटो गटात टाकले म्हणजे जपून ठेवले, असा ज्यांचा समज आहे त्यांनी तो आजच सोडावा. फोटो धाडायचाच तर दस्तावेज म्हणून धाडावा, म्हणजे मूळचा मूळ राहतो.

तिसरे कारण त्या दोन आगींचे. अजिंठ्याच्या नकला एकाच छपराखाली होत्या. आपले फोटो एकाच फोनमध्ये आहेत. फोन विहिरीत पडतो, चोरीला जातो, नवा घेताना जुना मोडीत जातो. येथे बीडचेच उदाहरण सांगतो. इतिहासाचार्य राजवाडे यांना बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी मिळाली. १९०९ साली ती त्यांनी छापून प्रसिद्ध केली. मूळ पोथी आज अभ्यासकांपुढे नाही. तिची पाने कशी होती, अक्षराचे वळण कोणत्या काळचे, हे आता कुणाला ताडून पाहता येत नाही. राजवाड्यांच्या शब्दावर विसंबावे लागते. १९०९ साली प्रत्येक पानाचा फोटो काढणे ही चैन होती. आज आपल्या घरातल्या फडक्यात बांधलेल्या पोथीची दोनशे पाने नातवाला एका दुपारी टिपता येतील. ती टिपून झाली, की एक प्रत घरी, एक गावातल्या शाळेत वा कॉलेजात, आणि एक गावाबाहेर असावी. आगीला आणि पुराला गावाची वेस कळते, असे समजू नका.

हे काम कोणी केलेच नाही, असे नाही. गेल्या काही वर्षांत रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेत गावोगावच्या तरुणांनी पायऱ्यांच्या विहिरी शोधल्या, त्यांचे फोटो घेतले, नकाशावर त्यांच्या जागा नोंदल्या, गाळ काढला, महाशिवरात्रीला तेथे दिवे लावले. सरकारी हुकमाची त्यांनी वाट पाहिली नाही. त्यांच्या कामातली घेण्याजोगी गोष्ट कोणती म्हणाल, तर फोटोबरोबर जागा नोंदणे. नुसते "सुंदर बारव" असे लिहिलेल्या फोटोचा उपयोग नाही. कोणते गाव, कोणत्या शिवारात, हे हवे.

काही जण मला विचारतात, की असे सारे उघड करणे बरे का? हा प्रश्न खरा आहे. आडबाजूच्या देवळातल्या सुट्या मूर्तीचा फोटो जागेसकट सर्वांना दाखवला, तर चोरालाही वाट सापडते. अशा फोटोंची नोंद ठेवावी, पण जगभर वाटू नये. मूर्ती चोरीला गेलीच तर पोलिसांपुढे ठेवायला तोच फोटो कामाला येतो, हेही लक्षात घ्या. घराच्या आतला फोटो घरधन्याला आणि घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बळदाचा फोटो घ्यायला गेलेल्या पोराने आजीचा डोक्यावर पदर नसलेला फोटो गावभर फिरवला, तर पुढच्या दहा घरांची दारे बंद होतील, आणि तसे झाले तर ते योग्यच होईल.

आता घाटनांदूरविषयी. आपले गाव रेल्वेवरचे आहे. परळीहून लातूर रोडकडे जाणारी गाडी येथे थांबते. स्टेशनावरून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. फलाट, नावाची पाटी, बाकडी, पाण्याची जागा, मालाच्या वाघिणी जेथे लागतात ती बाजू, यांतले काही आज महत्त्वाचे वाटणार नाही. स्टेशने बदलतात आणि फार झपाट्याने बदलतात. रेल्वेच्या हद्दीत जे परवानगीने करायचे ते परवानगीने करावे. मग बाजाराचा दिवस: कोणता विक्रेता कोठे बसतो, दोरखंडवाला, मडकीवाला, बांगड्यांवाली. मग उरलेली माळवदे. वर चढून सारे गाव एकदा चारी दिशांना. ज्या घराचे काम निघणार आहे, त्या घराला पहिला मान. फोटो घेताना शेजारी एक काठी उभी धरावी, हातभर अंतरावर खुणा केलेली, म्हणजे दाराची उंची पुढे मोजता येते. शिलालेख असेल तर दुपारच्या उन्हात घेऊ नये. सकाळी अथवा संध्याकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा अक्षर उठून दिसते. दगडावर खडू किंवा पीठ घासू नये, पाण्याने पुसावे आणि वाट पाहावी. प्रत्येक फोटोखाली गाव, जागा, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे. त्यांतले निवडक शंभर कागदावर छापून एका जाड वहीत चिकटवावेत, कारण कागद उघडायला विजेची गरज नसते.

क्रम लावायचा तर माणसांपासून लावावा. भिंत आणखी दोन पावसाळे तग धरील. त्या भिंतीची हकीकत सांगणारे आजोबा धरतीलच असे नाही. त्यांना फोटोपुढे बसवून बोलते करा, आणि फोनलाच ते ऐकू द्या.

माझी गाडी उद्या दुपारची आहे. सकाळी सात वाजता चालकांच्या परवानगीने मी या मंडपापाशी येईन. ज्यांच्या घरी माळवद अजून उभे आहे, त्यांनी पत्ता सांगून ठेवावा; ज्यांच्याजवळ जुने अल्बम आहेत त्यांनी ते बरोबर आणावेत; आणि शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींनी फोन भरून आणावा. काठी मी आणली आहे.